तिसरी नळी

जुन्या बोल्टचं डोकं तुटलं आणि धाकट्या भावाचा हात लोखंडावर आपटला. त्याने बोट तोंडात घातलं.

"चोख, चोख," ताई म्हणाली. "एकसष्टी झाली, तरी बोट काही सुटत नाही."

होडी किनाऱ्यावर ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. गळाची काठी खोचून ठेवायच्या तिच्या कडेवरच्या दोन्ही नळ्या उन्हाने तडकून फुटल्या होत्या. दोन्ही धाकट्याच्या बाजूच्या. ताईच्या बाजूची कड पहिल्यापासून कोरी. तिने जन्मात काठी नळीत खोचली नव्हती. काठी हातात धरायची, दोरीवर एक बोट ठेवायचं; मग खाली माशाच्या नुसतं मनात आलं, तरी वर तिला कळायचं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बोटं ती. अंधुक उजेडातही सुईत दोरा ओवायची.

"नळीत काठी खोचून मासे धरायचे, म्हणजे मूल पाळण्यात टाकून शेजारी गप्पांना जायचं," ती म्हणाली.

"माझी मुलं गुणी आहेत. भूक लागली की हाक मारतात."

"त्यांची आई कंटाळून निघून जाईल एक दिवस."

धाकट्याने पिशवीतून नव्या नळ्या काढल्या. स्टीलच्या, चकचकीत. तीन.

ताईने मोजल्या. "तिसरी कुणाला?"

"तीनचाच संच मिळतो."

"मग ती तुझ्या डोक्यावर बसव. तिथे जागा रिकामीच आहे."

तो हसला. जरा जास्तच हसला.

नळी बसवणं एकट्याचं काम नव्हतं. एकाने वरून बोल्ट पिळायचा, दुसऱ्याने कडेखाली हात घालून नट पान्याने धरून ठेवायचा. ताई होडीत खाली वाकून बसली. वरून धाकट्याला तिचा हात दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. पाना नटावर वाजत होता, टिकटिक, टिकटिक, थांबायचं नाव नाही. धाकट्याने शीळ घातली. मग तो मोठमोठ्याने वाऱ्याबद्दल बोलू लागला; वारा कसा फिरला, कधी फिरला, मागल्या वर्षी कसा फिरलाच नाही.

"इतका वेळ तो वारासुद्धा बोलला नसता," खालून ताई म्हणाली.

दुसऱ्या नळीचा शेवटचा नट तिच्या हातून सुटला आणि होडीच्या तळाशी घरंगळला.

"थांब, मी घेतो."

"बस तिथेच."

नट चिमटीत येईना. उचलला, पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. धाकटा पाण्याकडे बघत राहिला. शेवटी तिने तो तळव्याने ढकलत ढकलत कडेला नेला आणि कसाबसा ओंजळीत घेतला. पण बोल्टला लावला नाही. मूठ मिटून ती तशीच बसली.

"गेल्या मोसमात मला एकही मासा लागला नाही," ती म्हणाली.

"पाणी गढूळ होतं ताई. कुणालाच काही..."

"तुला एकोणीस लागले."

धाकटा बोल्ट उगाच उलटा पिळू लागला.

"लागत होते रे मलाही. काठी हातात धरली की कळतच नाही, मासा हलवतोय की मीच हलतेय. कळेपर्यंत तो गळ सोडून गेलेला असतो."

मग तिने मूठ उघडली आणि नट पान्यात बसवून बोल्टखाली धरला. दुसरी नळी घट्ट झाली. तिसरी दोघांच्या मध्ये आडवी पडून होती. धाकटा ती उचलून पिशवीत टाकायला गेला.

"कुठे नेतोस?" ताई उठून आपल्या बाजूला गेली, आपल्या जागेवर बसली आणि कोऱ्या कडेवर कोपर टेकलं. "इथे बसव."

"असू दे ना. तू आपली हातातच..."

"छोट्या."

त्याने पेन्सिल काढली. नळीची पट्टी कडेवर ठेवून चार खुणा केल्या.

"जरा पुढे घे," ती म्हणाली. "बसल्या जागेवरून काठीचं टोक दिसायला हवं. आता नजरच कामी यायची."

खुणा पुसून त्याने पुन्हा केल्या. ड्रिल लावलं. त्याच्या बाजूचं लाकूड पाणी पिऊन पिऊन काळं पडलं होतं, भुसा ओला, कुजका निघाला होता. इथला पिवळा निघाला, कोरडा, काल कापल्यासारखा. एक भोक झालं. दुसरं, तिसरं. भुसा ताईच्या मांडीवर पडत होता.

चौथं भोक आरपार गेलं. त्याने ड्रिल थांबवलं.

"चालू ठेव," ताई म्हणाली. तिने तोंड पाण्याकडे फिरवलं होतं.

"झाली ताई. चारही झाली."

"माहीत आहे. जरा वेळ चालू ठेव."

धाकट्याने ड्रिल पुन्हा त्याच भोकात घातलं आणि मान खाली घालून चालवत राहिला. भुसा पडायचा केव्हाच थांबला होता.