अकरावं कनेक्शन

"अकरावं कनेक्शन घेतच नाही हो हा," वृद्धाश्रमाचं ऑफिस सांभाळणारी शैला म्हणाली. सगळ्या म्हाताऱ्यांच्या आठवणी तिच्या टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या होत्या, आणि तो एका वेळी दहाच जणांना जोडून घेई. दहांतले निम्मे कानामागे मशीन लावून खुशाल घोरत होते. पण झोपलेल्याचं मशीन काढायचं नाही, असा नियम होता. जागा झाला की माणूस घाबरतो.

बाहेर बाकावर अकरावे, भास्करराव, कानामागे मशीन असूनही मुलीला तिसऱ्यांदा विचारत होते, "आपण कोण?" उल्का त्यांना भेटायला नागपूरहून आली होती.

जोडलेल्या दहांतल्या कुमुदताईंना राहवेना. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई. "बोलायचं नसेल तर लाइन अडवू नये," असं म्हणत त्यांनी कानामागे हात नेला. शैलाला त्यांनी बजावलं, "तीन मिनिटांनी परत जोड. मी विसरेन, तू विसरू नकोस."

त्यांचं मशीन निघालं आणि भास्कररावांच्या कानामागे हिरवा दिवा लागला. त्यांनी मुलीचा चेहरा ओंजळीत धरला. "उल्के, केवढी वाळलीस गं."

तीन मिनिटांनी शैला मशीन घेऊन आली. ही कोण, ते कुमुदताईंना कळेना. स्वतःचं नावही आठवेना. बाकाकडे बघतच त्यांनी अलगद हात वर केला.

"थांबा बाई," त्या म्हणाल्या. "त्यांचं बोलणं चालू आहे."