बोंबलांची पिशवी

देवगडहून आलेल्या सासूबाईंना घेऊन आम्ही मॅजेस्टिकच्या भुयारी मेट्रो स्टेशनात उतरलो. तपासणीत गार्डने त्यांची कापडी पिशवी उघडली आणि सुक्या बोंबलांचा वास रांगभर पसरला. नेमके मागे नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे उभे होते. त्यांनी नाकं दाबली. मी तपासणी होऊन पलीकडे उभी होते. गार्डने सासूबाईंकडे बोट दाखवून, ही तुमची आई का, असं नवऱ्याला कानडीत विचारलं, "निम्म अम्मा?" तो मोबाइलमध्ये डोकं घालून दोन पावलं बाजूला सरकला. बोंबील त्यानेच फोन करकरून मागवले होते. सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग गार्डला म्हणाल्या, "पिशवी माझी आसा. ह्या सायबाक मी वळखणंय नाय." मी मागे वळले, पिशवी खांद्याला अडकवली आणि त्यांचा हात धरला. गाडीत तो लाडात येऊन कानाशी कुजबुजला, "आज कालवण कर हं." त्याच्या परफ्यूमने मला ओकारी आली.