आटे घसरलेला बोल्ट

नवऱ्याच्या स्मरणार्थ काकूंनी शिष्यवृत्ती सुरू केली तेव्हा एकच अट घातली: मुलाखतीला येताना स्वतःच्या हातानं बिघडवलेली एक वस्तू आणायची. आयुष्य लेथवर काढलेले काका प्रत्येक नव्या शिकाऊला आधी आपला पहिला दांडा दाखवत, एका टोकाला जास्त कापला गेलेला. पण मुलं आली ती चकचकीत कामं घेऊनच. भर मुलाखतीत कोण आपल्या पायावर धोंडा मारून घेणार? शेवटी वेल्डरच्या मुलीनं पिशवीतून आटे घसरलेला बोल्ट काढला. “तीनदा बिघडवला. चौथ्यांदा जमला, पण तो गिऱ्हाईक घेऊन गेलं.” काकूंनी बोल्ट टेबलावर काकांच्या दांड्याशेजारी ठेवला. “ह्यांना सहाव्यांदा जमलं होतं. बाहेर बोलू नकोस.” मुलगी हसली आणि बोल्ट उचलायला गेली. काकूंनी त्यावर हात ठेवला. “हा आता इथेच राहील. पुढच्या वर्षी नव्या मुलांना तूच दाखवायचास.”