दोनदा बटण

"नंदा, काढू काय गो कॅमेरे? ऊन डोक्यार इला." वॉकीटॉकीतून शिवदासचा आवाज खरखरला.

"थांबा जरा, दादा. कार्ड आत्ता उघडतंय."

बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेला, बिबट्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या एका खोलीच्या कचेरीत नंदा तायडे अकरा वर्षं बसत होती. तीन टीमचे डबे, बॅटऱ्या, गमबूट, कोण कुठल्या वाटेने गेलं आणि कधी परतणार, सगळं तिच्या हातात. जंगलात मात्र ती एकदाच गेली होती, दोन आठवड्यांपूर्वी. त्याचा पुरावा आता केतनच्या कॉम्प्युटरवर उघडत होता. काल संध्याकाळीच पहिल्या टीमच्या शिवदासने कॅमेऱ्यातलं ते कार्ड आणून दिलं होतं.

पहिला फोटो नंदाचा. हिरवा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली, आणि बाई दोन हात दोन गुडघ्यांवर खडकाजवळून चाललेली. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा हा कॅमेरा बसवला की कुणीतरी बिबट्या होऊन समोरून रांगायचं, म्हणजे तो बरोबर उंचीवर लागलाय का ते कळतं. एरवी हा मान शिवदासचा.

"चाल झकास आहे," केतन म्हणाला. तो इथला मुख्य अभ्यासक, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, आणि चेष्टेची एकही संधी न सोडणारा. "शेपूट तेवढी कमी पडली, नंदाताई."

"पुढचा दाखव."

ठमा नावाची मादी पाच महिने कुठल्याच कॅमेऱ्यात आली नव्हती. केतनने तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. ती जुन्या खाणीपाशी आहे, असं नंदाचं म्हणणं. का, तर शिवदास एकदा म्हणाला होता की तिकडे वानरं रोज संध्याकाळी बिबट्या दिसल्यासारखी खाकरतात. दुसऱ्या टीमची सुगंधा म्हणाली होती की पाड्यातल्या बकऱ्या हल्ली त्या बाजूला पाय टाकत नाहीत. आणि तिसऱ्या टीमला खाणीवर डबा खाताना नेहमीची कुत्री दिसेनाशी झाली होती. सगळ्यांनी सहज बोलता बोलता सांगितलेलं. ऐकणारी मात्र एकच होती. "गप्पांवर कॅमेरे लावायचे का आता?" केतन हसला होता, पण दोन आठवड्यांसाठी दोन कॅमेरे त्याने दिले होते. कार्डात ठमा नसेल तर आज ते तलावाकडे हलणार होते. आणि जंगलातलं आपल्याला काही कळतं, हे नंदा पुन्हा कुणापुढे बोलणार नव्हती. तसं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

दुसरा फोटो रानडुकराचा. मग साळिंदर. मग वाऱ्याने हललेलं पान. पुन्हा पान. पुन्हा तेच पान.

"बाय माझे, आता काढतंय हां मी," शिवदास म्हणाला. "खाणीवरच उभो असंय."

केतनने माउसवरचा हात उचलला. "चालायचंच, ताई." आता तो चेष्टा करत नव्हता आणि तेच तिला जास्त लागलं.

"अजून अकरा आहेत," ती म्हणाली. "सगळे बघ."

परवाची पहाट. फोटोच्या कडेला एक पिवळी कूस आली. केतन पुढे वाकला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि खुर्चीतून उठूनच उभा राहिला. "ठमा! ताई, ठमा!"

पुढच्या फोटोत ठमा खडकापाशी नाक टेकवून हुंगत होती. नंदाचा तळहात टेकला होता तीच जागा. त्याच्या पुढच्या फोटोत तिच्या पोटाखालून दोन कान डोकावले. मग दोन पिल्लं दिसली. मग तिसरं, आईच्या शेपटीवर बसकण मारून सरळ कॅमेऱ्यात बघणारं.

"तीन!" नंदा ओरडली आणि केतनला धरून गदागदा हलवलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि एकदम तिच्या लक्षात आलं, शिवदास आत्ता नेमका तिथेच उभा आहे.

तिने सेट उचलला. आवाज क्षणात ताळ्यावर आला. "दादा, काही काढू नका. बोलू नका. ठमा तिथेच आहे, पिल्लं घेऊन. आल्या वाटेने हळूहळू मागे या. कळलं असेल तर दोनदा बटण दाबा. रस्त्याला लागलात की पुन्हा दोनदा."

खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

टक्, टक्.

नंदा घड्याळाकडे बघत उभी राहिली. सात मिनिटांनी पुन्हा वाजलं. टक्, टक्.

तिने श्वास सोडला. "सगळ्या टीम, ऐका. ठमा सापडली. तीन पिल्लं झालीत तिला. खाणीकडे कुणी फिरकू नका. आणि जंगलात ओरडायचं नाही, सांगून ठेवते."

हा नियम तिचाच. दोनदा बटण म्हणजे कळलं, तीनदा म्हणजे मदत पाठवा, हाही तिचाच.

टक्, टक्, सुगंधाच्या टीमकडून आलं. टक्, टक्, तिसरीकडून. नंदाने वहीत वेळ लिहायला पेन उचललं, पण टकटक थांबेना. चार, सहा, दहा, एकात एक मिसळलेली, जंगलाच्या तिन्ही बाजूंनी. शिवदासही त्यात शिरला असणार. असली टकटक तिच्या नियमांत कुठेच बसत नव्हती.

"काय म्हणतायत?" केतनने विचारलं.

नंदाने पेन खाली ठेवलं, सेट तोंडाशी धरला, आणि काहीच न बोलता तीही बटण दाबत राहिली.