गॅलरीतली रेंज

उमाकांतने माळ्यावरचा जुना राउटर पुसून गॅलरीच्या दाराशी ठेवला आणि हॉलमधल्या राउटरला जोडला. दिवा हिरवा झाला.

आईच्या कानामागची चकती घरातल्या वायफायवर चालायची. रेंज असेपर्यंत तिला सगळं आठवायचं. गॅलरीत मात्र रेंज तुटायची. मग रोज संध्याकाळी ती कठड्याशी उभी राहून, ह्यांची स्कूटर अजून कशी आली नाही, असं शेजाऱ्यांना विचारायची. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. शेजारी आता हसायला लागले होते.

"आई, बाहेर ये बघू."

आई गॅलरीत आली. तिने खाली रस्त्याकडे पाहिलं आणि वळून दोरीवरचे कपडे काढायला लागली.

"इथेही आठवतंय ना आता?"

"हो. गेले तुझे बाबा." तिने टॉवेलची घडी घातली.

उमाकांतला बरं वाटायला हवं होतं. त्याला काहीच वाटलं नाही. उरलेली वायर तो गुंडाळत राहिला.

कपडे आत ठेवून आईने चपला घातल्या.

"उमा, जिन्यात कुठवर पोचते रे ही रेंज?"

"खालच्या मजल्यापर्यंत. का गं?"

"काही नाही. मग फाटकापाशी उभी राहते थोडा वेळ."