मान खाली

बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत भावासमोरच्या अव्वल खेळाडूने चाल केली आणि बरोबरीचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली ताई पटाकडे बघत पुढे झुकली. धाकट्या भावाला सोंगट्या मांडायला तिनेच शिकवलं होतं. घोडा एकदा मागे घेतला की हत्तीची वाट मोकळी होत होती आणि चौथ्या चालीला मात होती. डाव जिंकला तर स्पर्धाच त्याची होती. पण हे त्याला दिसतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता.

घड्याळात सहा मिनिटं उरली होती. तो बराच वेळ डोकं धरून बसला, मग त्याने नजर उचलली आणि थेट तिच्याकडे पाहिलं.

तिच्या मनातलं तो लहानपणापासून चेहऱ्यावरून ओळखायचा. आता भुवई हलली असती तरी ती खूण ठरली असती, आणि जिंकलेला डाव चोरीचा झाला असता. ताईने मान खाली घातली, ती टाळ्या ऐकू आल्यावरच वर केली. दोघे खेळाडू हात मिळवत होते.

बाहेर जिन्यापाशी तो भेटला. चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता.

"अर्धा गुण पदरात पडला, तेच खूप. मी तर घोडा मागे घ्यायला निघालो होतो."

"मग घेतला का नाहीस?" तिने कसंबसं विचारलं.

"तू मान खाली घातलीस ना. म्हटलं, काहीतरी चुकतंय माझं."