सर यायच्या आधी

वर्गाचं दार सताड उघडं होतं, तरी कुमुदताई पदर सावरून बाहेरच थांबल्या.

"आजी, चल ना आत. कोणाची वाट बघतेस?" नातीनं विचारलं.

"सर येऊ देत की," त्या बोलून गेल्या आणि स्वतःच हसल्या.

साठ वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या कॉलेजात गणिताला त्या पाचजणी होत्या. तास सुरू होईपर्यंत लेडीज रूममध्ये चिंचा चोखत, खिदळत बसायच्या. सर निघाले की त्यांच्या मागून खाली मान घालून वर्गात शिरायचं आणि त्यांच्याच मागून बाहेर पडायचं. फार गोड दिवस होते ते. पण शंका विचारायला एकीचंही तोंड कधी उघडलं नाही.

"तुम्ही पाचजणी तरी होतात," ही गोष्ट अनेकदा ऐकलेली नात म्हणाली. बारावीनंतरचं कॉलेज निवडायचं, म्हणून आज दोघी मेकॅनिकलचा तास बघायला आल्या होत्या. लहानपणी घरातलं प्रत्येक घड्याळ उघडून बसणारी ही पोर आता दारातच अडखळली होती. "आत सगळी मुलंच आहेत गं. मी आपली मैत्रिणींबरोबर कॉम्प्युटरच घेते."

कुमुदताईंच्या जिभेवर चिंचेची आंबट चव आली. त्यांनी नातीला हळूच पुढे ढकललं. "तू हो पुढे. मी येते मागून."

नात जाऊन मधल्या बाकावर बसली आणि सरकून आजीला जागा करून दिली. मागून कुणीतरी विचारलं, "आजी, तुम्ही पण ॲडमिशन घेताय का?"

"आजी नाही, मी घेतेय," नात वळून म्हणाली.

वर्ग हसला. कुमुदताईही हसल्या. सर अजून यायचे होते.